नुसताच शिक्का

कत्तलखान्यात प्रत्येक डुकराच्या जिभेला आणि हृदयाला छेद देऊन आत कृमींच्या गाठी नाहीत हे पाहायचं, मगच निळा शिक्का मारायचा, हे माझं काम. काल लेकीला शाळेतून आणायच्या घाईत शेवटच्या सहा डुकरांवर मी नुसतेच शिक्के मारले. आज माझे दीर आपल्या मांसाच्या दुकानातून पिशवी घेऊन हसतच आले. “वहिनी, तुमचा शिक्का पाहिला आणि डोळे झाकून माल उचलला!” ओट्यावर पहिलाच तुकडा कापला, तर आत तांदळाएवढा पांढरा दाणा. सासूबाई म्हणाल्या, “चरबी असेल गं, टाक पातेल्यात.” मी सुरी खाली ठेवली. “भाऊजी, बाकीचं कुठंय?” “सकाळीच हातोहात खपलं!” “कुणाकुणाला दिलंत, आठवून सांगा. काल मी तपासलंच नव्हतं.” भाऊजींचं हसू मावळलं. “अहो, एक म्हातारी विचारत होती, ‘खात्रीचं ना?’ मी तुमचं नाव सांगितलं.”