भरकटलेली रेघ

"आता यंत्रांची चित्रंही आपल्याच रांगेत टांगायची का?" एक चित्रकार शेजारच्याच्या कानात कुरकुरला.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञ बाई स्टुलावर चढून प्रदर्शनाच्या मधल्या भिंतीत, आपण संगणकावर काढलेल्या चित्रासाठी, स्वतःच खिळा ठोकत होत्या.

"बाई, जिन्याखाली छान जागा आहे," संयोजक चाचरले. "म्हणजे कसं, यात तुमचा हात असा कुठे..."

"चित्राच्या गणितात वजाऐवजी अधिक टाकलं मी," हातोडी न थांबवता बाई म्हणाल्या. "संगणकाने मुकाट रेघ वाकडी नेली. चूक दिसली, सुधारायला बसले, आणि मुद्दाम तशीच ठेवली. ते काय त्याने ठरवलं?"

सगळे त्या भरकटलेल्या रेघेकडे बघत राहिले.

शेवटी सगळ्यांत वयस्कर चित्रकारांनी घसा खाकरला. "खरं सांगू? आपल्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून पोटात दुखतंय आपल्या."