हात न लावता

पांढरकवड्याजवळच्या कपाशीवर फवारणीचा ड्रोन उडाला, मंडपात टाळ्या पडल्या. "आता विषारी औषधाला माणसानं हात लावायची गरजच नाही!" पाहुणे माइकवरून गरजले. मंडपामागे मजुरीला आलेली सत्यभामा ड्रोनच्या पुढच्या फेरीसाठी तेच औषध बादलीत कालवत होती. सकाळी तिनं हातमोजे मागितले तेव्हा पायलट हसला होता, "बाई, तुम्हाला कुठं ड्रोन उडवायचाय?" कालवायची काडी मोडली, तशी तिनं हातानंच ढवळलं. आता कोपरापर्यंत आग होत होती. धुवायला पाणी मागितलं, तर पायलट म्हणे आधी ड्रोन धुवायचा. माइकवर पुन्हा तेच वाक्य आलं. सत्यभामा तडक मंडपात शिरली आणि औषधानं थबथबलेल्या हातानं पाहुण्यांसमोरचा माइकच उपटला. "घ्या नं साहेब," ती कडाडली, "आता म्हना, औषधाले कोनी हात लावत नाही!" पाहुणे मागे सरले. माइक घ्यायला मंडपातला एकही हात पुढे आला नाही.