होकार समजावा

“आधी विचारायचं, मगच हात लावायचा. मशीनपाशी कुणीतरी काम करत बसलेलं असतं, छोटे.”

ताईचं हे बोलणं आठवतच तिने मंगळवारचं अपडेट पाठवलं. हवामान केंद्रांच्या या मुख्य कचेरीत बसून ती दोनशे चौदा सर्व्हर सांभाळायची. दोनशे तेरा सर्व्हर मुकाट्याने अपडेट घेत. डोंगरावरचा एकच तेवढा आधी तिथल्या पडद्यावर विचारी, ‘आता अपडेट करू?’ तिथे ताई होती. सख्खी थोरली बहीण. हे काम तिनेच तर हाताला धरून शिकवलेलं.

आठ महिन्यांपूर्वी फोनवर दोघींची जुंपली. “मी इथे येऊन तीन वर्षं होत आली. ये म्हटलं की तुझे सर्व्हर आडवे येतात,” ताई म्हणाली होती. “मग बोल त्यांच्याशीच!” हेही तिचंच. तेव्हापासून फोन बंद. आधी कुणी करायचा यावर दोघी अडून बसल्या.

पण दर मंगळवारी अकराला प्रश्न जाई आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी होकार येई. हिरवी खूण उमटली की तिच्या जिवात जीव येई. ताई बरी आहे. रागावली असली तरी हो म्हणते आहे. पूर्वी ताईचं उत्तर कधी दोन मिनिटांत येई, कधी सात. आता मिनिटाचाही फरक नव्हता, एखादा नेम पाळावा तसा. ती खूण पाहिल्याशिवाय ती चहालासुद्धा उठत नसे.

आजही खूण उमटली. तेवढ्यात साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“त्या डोंगरावरच्याचे एवढे लाड कशाला? घाला त्यालाही बाकीच्यांत.”

“तिथे माणूस उत्तर देतं, साहेब.”

“कुठलं माणूस? नोंदी उघडून बघा जरा.”

तिने नोंदी उघडल्या. ‘उत्तर नाही. दहा मिनिटे पूर्ण. होकार समजला.’ मागच्या मंगळवारी तेच. त्याच्या मागच्या मंगळवारीही तेच. छत्तीस मंगळवार.

नियम तिचाच होता. विचारून अपडेट घेणारी पाच-सहा केंद्रं होती, तेव्हा काम अडू नये म्हणून तिनेच तो लिहिला होता. पुढे बाकीची केंद्रं विचारायची बंद झाली आणि नियम तिच्या डोक्यातून पार गेला.

तिने डोंगरावर फोन लावला. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींनी उचलला.

“ताई... ताई आहे ना?”

“कोण, धाकट्या का? बरी आठवण झाली! आहेत की, चांगल्या ठणठणीत आहेत. गच्चीवर वाऱ्याचं यंत्र पुसतायत. बोलावू?”

तिने श्वास सोडला. “मावशी, ताई मंगळवारी मशीनपाशी बसत नाही का आता?”

“न बसायला काय झालं? अकराच्या आधीच जाऊन बसतात. पडद्यावर प्रश्न आला की हाताची घडी घालून नुसत्या बघत राहतात. मी म्हटलं, अहो, दाबा की ते बटण. तर म्हणतात, नाही. ‘तुझं उत्तर आलं नाही तर मी स्वतः वर येईन,’ असं म्हणे तुम्हीच वचन दिलंत त्यांना, त्या इकडे यायला निघाल्या तेव्हा. मग थोड्या वेळाने ते मशीन आपलं आपणच सुरू होतं. ताई उठतात. दर मंगळवारी एका माणसाचं जास्त शिजवायला सांगतात. उरलेलं मीच खाते, खोटं कशाला बोलू? बोलावू का त्यांना?”

“नको. मी फोन केलेलाही सांगू नका.”

तिने खुर्ची आत सरकवली. पर्स खांद्याला अडकवली. डोंगराकडे जाणारी बस कुठून सुटते, हे इतक्या वर्षांत तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. ते साहेबांना विचारून घेतलं आणि ती जिना उतरू लागली.