पाहुण्याचे गुडघे

चिंचवडच्या चाळीत कस्तुराच्या भातुकलीला येणारा प्लॅस्टिकचा शिपाई उभ्यानंच जेवायचा, कारण त्याच्या मांड्या कमरेत फिरत, पण गुडघे वळतच नसत. “पाहुण्याला ताटकळत ठेवत्यात व्हय गं?” म्हणत भिवाआजानं करवतीचं पातं तिच्याच हातात दिलं. “आजा, मोडला तर? माज्याकडं ह्यो एकच हाय.” “मग घाई करू नगं. पातं दाबायचं न्हाई, नुसतं चालवायचं.” दोन्ही पाय गुडघ्यापासून सुटले तेव्हा तिचे डोळे भरून आले. आजानं टिचबटणाचं एक अर्धं तापवून मांडीच्या टोकाला कडेनं रोवलं, दुसरं तसंच पोटरीच्या टोकाला. “आता तूच जोड.” टक्कन आवाज झाला. गुडघा वाकला, फिरला, माणसासारखा. दुसराही तसाच वाकला आणि शिपायानं ताटलीपुढं ऐसपैस मांडी घातली. एरवी शिपायाला ‘सोट्या’ म्हणणारी कस्तुरा लगबगीनं पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “सावकाश जेवा हं, मामा.”