कुवाबारांचा संशय

गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात आंघोळी उरकून मंडळी तिथल्याच टीव्हीवर सामुराईंच्या काळातली खुनांची अ‍ॅनिमे मालिका बघायला बसत. निवृत्त पोलीस कुवाबारा दुधाची बाटली उंचावून आधीच खुनी जाहीर करत आणि दर वेळी तोंडघशी पडत.

शेवटच्या भागात त्यांनी मालिकेतल्या टोफूवाल्यावर बोट ठेवलं.

"चला, टोफूवाला सुटला!" कोणीतरी ओरडलं. खुनी निघाला कोतवाल, ज्याचं कुवाबारा पहिल्यापासून कौतुक करत होते.

हशा ओसरल्यावर न्हाणीघराच्या मालकीणबाईंनी विचारलं, "खरं सांगा कुवाबारासान, नोकरीत किती निरपराध माणसं आत टाकलीत?"

कुवाबारांचे कान लाल झाले. मग तेच सगळ्यांत मोठ्याने हसले.

 

"एकही नाही, बाई! माझा पहिलाच अंदाज ऐकून साहेबांनी मला जन्मभर चौकात शिट्टी वाजवायला उभं केलं."