ओठांतले खिळे

घोडीने तिसऱ्यांदा पाय हिसकला. नालबंद वेळीच बाजूला झाला. हातोडा मात्र थेट भिंतीवर जाऊन आदळला. शेडच्या दारात खुराच्या तासलेल्या तुकड्यांवर ताव मारणारं कुत्रं उठलं आणि बेताच्या अंतरावर जाऊन बसलं.

"आज हिचं काय बिनसलंय?" म्होरकी धरून उभी असलेली रायडिंगची मास्तरीण म्हणाली. "काकू कुठे आहेत? त्यांनी डोकं धरलं की गरीब गाय होते ही."

"लेकीकडे."

"अजून?"

"नातवाला दात येताहेत."

"मागच्या खेपेलाही दातच येत होते."

"बत्तीस असतात," नालबंद म्हणाला.

मास्तरीण हसली. तो हसला नाही. घोडीचा जुना नाल काढून झाला होता आणि नवा बसत नव्हता. अशा पायाने तिला रस्त्यावरून परत नेता येणार नव्हतं.

"फोन लावा ना काकूंना. नुसता आवाज ऐकला तरी शांत होईल."

त्याने कातडी एप्रनला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग फोन लावला.

"काय झालं?" पलीकडून बायकोने विचारलं.

"काही नाही. ती करडी घोडी आलीय. उभी राहत नाहीये."

"मग?"

"बोल तिच्याशी."

पलीकडे लेकीचा आवाज आला, "आई, कुणाचा फोन?"

"घोडीचा," ती म्हणाली.

त्याने स्पीकर चालू केला. मास्तरणीने फोन घोडीच्या कानाशी धरला.

"काय गं भवाने, नाटकं करतेस होय? मी नाही तर डोक्यावर बसलीस त्यांच्या?"

घोडीचे दोन्ही कान फिरले. तिने मान खाली घातली. कुत्रं उठून आत आलं, दारामागे बघितलं, आतल्या खोलीत जाऊन आलं आणि फोनखाली बसलं.

नालबंदाने मूठभर खिळे ओठांत धरले आणि पाय उचलला. ही त्याची जुनी रीत. दोन्ही हात गुंतलेले असतात आणि खिळा हवा तेव्हा हवा असतो. काम चालू असताना त्याला काहीही विचारलं तरी उत्तर 'हं' एवढंच येई. बायकोला ते सवयीने कळे. निदान त्याचा तसा समज होता.

ती बोलत राहिली. बाळ सगळं तोंडात घालतं. लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते. खिडकीच्या कट्ट्यावर एक मांजर येतं, तिने त्याला घोडीचंच नाव दिलंय. पुढचे पाय झाले. घोडी हलली नाही.

"इथं दार उघडलं की बोलायला माणूस असतं गं," फोनमधला आवाज म्हणाला. "समोरची बाई तर सोडतच नाही. तिकडे काय, दिवसभर ठकठक. ह्यांच्या तोंडात कायम खिळे. तू यायचीस दीड महिन्यातून एकदा, तेवढ्याच माझ्या गप्पा."

हातोडा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मास्तरीण रस्त्याकडे बघत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काकू, माझा हात अवघडला. मी नवऱ्याचंसुद्धा एवढं ऐकून घेत नाही."

"मग हात बदल. नवरा बदलायचा का ते तुझं तू बघ."

शेवटचा खिळा ओठांतून निघाला. त्याने तो ठोकला, बाहेर आलेलं टोक मोडलं, कानस फिरवून कड सारखी केली आणि पाय अलगद खाली ठेवला. चारही खूर जमिनीवर टेकले.

"झालं का हो?" फोनमधून आलं.

मास्तरणीने तोंड उघडलं. नालबंदाने हात वर करून तिला थांबवलं.

"एक पाय राहिलाय," तो म्हणाला. "मागचा."

पलीकडे लांब कुठेतरी बाळ भांड्यावर चमचा आपटत होतं.

"खिळे संपलेत तुमचे," ती म्हणाली. "बोलणं स्वच्छ आलं."

त्याने हातोडा ऐरणीवर ठेवला.

"आता तोंड मोकळं आहे. बोला काय बोलायचंय ते. मी ऐकतेय."

मास्तरणीने फोन त्याच्यापुढे केला. तो त्याने घेतला. स्पीकर बंद करायचं त्याला सुचलं नाही. त्याने घोडीकडे बघितलं, ऐरणीकडे बघितलं, स्वतःच्या काळ्या पडलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

"पुढचा डावा खूर जरा चिरलाय," तो म्हणाला. "तेल लावायला सांगतो."

"बरं."

चमच्याचा आवाज थांबला होता.

"आणि... ह्या वेळचे नाल जरा जाड घेतलेत."

"चांगलं केलंत," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुन्हा आणतील हिला, तेव्हा लावा फोन."

फोन बंद झाला.

मास्तरणीने म्होरकीची दोरी हातावर गुंडाळली. "निघू का काका?"

नालबंद वाकला. त्याने घोडीचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला. नाल बसलेला होता, कड घासलेली होती, करण्यासारखं काही नव्हतं. तो पाय तसाच धरून राहिला. घोडीने एक लांब श्वास सोडला आणि आपला अर्धा भार त्याच्यावर टाकला.