कातड्याचं अंगडं

कोकरू मेलेलंच निघालं.

दीड महिना वच्छलानं ह्या एका मेंढीची वाट पाहिली होती. पातूरच्या डोंगराखाली त्यांच्या बावीस मेंढ्या, पण ही तिची स्वतःची, माहेराहून आणलेली, पहिलटकरीण. तिचं पिल्लू भागीला द्यायचं ठरलं होतं. दोन वर्षांची भागी रोज मेंढीच्या पोटाला हात लावून विचारायची, "माय, निंगालं?" आताही ती हातातली हिरवी चिंधी चोखत कुडाशी उभी होती. त्या चिंधीवाचून पोरीला झोप येत नसे.

"रडू नोको वं," सासू गोदाबाई म्हणाली. "मेंढीचं दूध काही वाया जात नाही. नत्थू, ते सकाळचं पिलू आन."

सकाळी दुसरी मेंढी विताना मेली होती. तिचं पिल्लू तेवढं जगलं, अन् तेव्हापासून भुकेनं ओरडून ओरडून त्यानं सगळ्यांना हैराण केलं होतं. नत्थुजीनं, वच्छलाच्या नवऱ्यानं, ते आणून मेंढीपुढं ठेवलं. मेंढीनं हुंगलं आणि अशी ढुशी मारली की बिचारं कोलमडलं.

गोदाबाई हसली. असल्या कामात म्हातारीचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तिनं मेलेल्या कोकराचं कातडं सोललं आणि लेकराला अंगडं घालावं तसं, ओलंच, त्या जित्या पिल्लावर चढवलं. पुन्हा पुढं केलं. मेंढीनं हुंगलं. परत हुंगलं. मग घशातल्या घशात बोलत त्याला चाटायला लागली. पिल्लू आचळाला लागलं, शेपूट हलायला लागली.

"अगं माय!" वच्छला डोळे पुसत हसली. "फसवलं म्हणा ना बिचारीले!"

"फसवलं कायचं? तिले पान्हा फुटला, त्याले माय नाही. दोघाईचं भलं झालं," गोदाबाई हात धूत म्हणाली. "मायले वास पाह्यजे, बस. चार दिसानं कातडं काढून फेकलं तरी सोडत नाही मंग."

वच्छलाचं हसू तिथंच थांबलं.

हेच शब्द तिनं आधी ऐकले होते. मानमोडीच्या साथीत ती आणि तिची जाऊ पार्बता एकाच दिवशी बाळंत झाल्या. दीर गेला, जाऊ गेली, जावेचं लेकरूही गेलं, असं तिला नंतर सांगितलं. ती स्वतः तीन दिवस तापात बेशुद्ध होती. डोळे उघडले तेव्हा सासूनं भागीला तिच्या कुशीत दिलं. तेही कशात गुंडाळून? तर वच्छलाच्याच बाळंतपणातल्या, रक्तानं माखलेल्या हिरव्या लुगड्यात! अंग धुतल्याबिगर कोणाला चुलीपाशी फिरकू न देणारी ही बाई!

"असं घाण काहून?" वच्छलानं तेव्हा विचारलं होतं.

"राहू दे. मायले वास पाह्यजे," सासू म्हणाली होती.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नत्थुजी मेंढीची मान धरून बसला होता. त्यानं डोळे वर केले नाहीत. म्हणजे ह्यालाही ठाऊक होतं! दोन वर्षं एका घरात राहून, एका अंथरुणावर निजून ह्यानं तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. वच्छलाच्या अंगाची आग आग झाली.

त्याच लुगड्याची चिंधी ओढत भागी आली. "माय, मले पिलू दे."

वच्छलानं तिला उचललं आणि कोणी हिसकून नेईल अशी छातीशी घट्ट धरली. मग ती सासूकडे वळली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "माह्यं लेकरू कुठी पुरलं?"